सीडी, डीव्हीडी व ब्लू-रे तबकड्या : घडण, भेद व भरंवसा

इंग्लंडांत विल्यम राजाच्या हुकुमावरून १०८६ सालीं गांवें, जमिनी, नांगर व वसूल यांची जी मोजदाद झाली, तिचा चर्मपत्रावरील ग्रंथ डूम्सडे बुक या नांवानें प्रसिद्ध आहे. लंडननजीक क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत तो ठेविलेला असून जाणत्यास तो आजही वाचतां येतो. या मोजदादीस नऊशें वर्षें झाल्याच्या निमित्तानें १९८६ सालीं बीबीसीनें तशीच नवी मोजदाद सिद्ध केली. दहा लाखांहून अधिक लोकांनीं तींत हातभार लाविला, सुमारें २५ लक्ष पौंड खर्च झाला, आणि सर्व मजकूर, नकाशे व छायाचित्रें ३० सेंटिमीटर व्यासाच्या दोन लेसर तबकड्यांवर उतरविण्यांत आलीं. सोळा वर्षें लोटतात न लोटतात तोंच, म्हणजे २००२ च्या सुमारास, या तबकड्या वाचणारें यंत्र व त्यास जोडावयाचा संगणक हीं दोन्ही इतकीं दुर्मिळ झालीं कीं, लीड्स व मिशिगन येथील विद्यापीठांतील मंडळींना जुन्या यंत्राचें सोंग नव्या संगणकाकडून वठवून घेऊन आंतील मजकूर बाहेर काढावा लागला. नऊशें वर्षांची पोथी सुखरूप, आणि सोळा वर्षांची तबकडी मुकी, असा हा प्रकार झाला.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस ही हकीकत दूरची वाटूं नये. इसवी सन २००० च्या पुढें आपल्याकडेही अनेक संस्थांनीं व घराण्यांनीं आपल्या रुमालांची व पोथ्यांची छायाचित्रें घेऊन तीं तबकड्यांवर भरून ठेविलीं. मूळ कागद पुढें कसरीनें, पावसानें किंवा वांटणींत गेला असल्यास ती तबकडी हीच एकमेव प्रत उरते. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जो हल्ला झाला, त्यानें मूळ प्रतींवर केव्हां कोणता प्रसंग गुदरेल याचा नेम नसतो हें सर्वांस दाखविलें. अशा वेळीं दुसऱ्या प्रतीवर किती विसंबावें, हा प्रश्न कुतूहलाचा राहत नाहीं. प्रस्तुत लेखांत तबकड्या वाचल्या कशा जातात, त्यांचे प्रकार कोणते, व त्यांतील कोणत्या प्रकारावर किती भरंवसा ठेवावा, याचा विचार केला आहे. लेखाचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें कीं, तबकडीचा भरंवसा तिच्या नांवावरून किंवा क्षमतेवरून न ठरवितां तिच्या पोटांतील लेखनाचा थर कशाचा आहे हें पाहून ठरवावा. आणि तो थर कितीही उत्तम असला तरी नकलेवांचून त्यावर विसंबूं नये.

१. वाचन कसें होतें

फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांनीं मिळून सिद्ध केलेली सीडी १९८२ च्या ऑक्टोबरांत जपानांत प्रथम विक्रीस आली. तिचा व्यास १२ सेंटिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर. तिचें अंग पॉलिकार्बोनेट नांवाच्या पारदर्शक प्लास्टिकचें असतें. या प्लास्टिकच्या वरच्या बाजूस सूक्ष्म खळगे, त्यांवर अल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा, त्यावर रोगणाचा थर, व त्यावर छापील नांव, अशी घडण आहे. खळगे एकामागून एक अशा एकाच रेघेंत असतात. ही रेघ मध्याजवळ सुरू होऊन वळशावर वळसे घेत कडेकडे जाते. दोन वळशांमधील अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सहाशेंव्या भागाएवढें. ही रेघ उलगडून सरळ केल्यास ती पांच किलोमीटरांहून अधिक लांब भरेल.

वाचनयंत्र खालच्या बाजूनें ७८० नॅनोमीटर लहरींचा लेसर किरण भिंगांतून या रेघेवर टाकतें. सपाट जागेवरून किरण नीट परत येतो. खळग्याची खोली लहरीच्या सुमारें चौथ्या हिश्शाएवढी ठेविलेली असल्यानें खळग्यावरून व त्याच्या शेजारच्या सपाटीवरून परतणाऱ्या लहरींत अर्ध्या लहरीचा फरक पडतो, त्या एकमेकींस मारतात, आणि परतणारा प्रकाश मंद होतो. प्रकाश बदलला, म्हणजे खळग्याची कड आली, कीं यंत्र एक हा अंक धरतें. बदल न होतां जो काळ जातो तितकीं शून्यें धरतें. या एक-शून्यांच्या माळेंतूनच पुढें अक्षर, सूर किंवा चित्र उभें राहतें. ग्रामोफोनच्या ध्वनिमुद्रिकेप्रमाणें येथें सुई खांचेस घासत नाहीं, म्हणून वाचनानें तबकडी झिजत नाहीं.

२. तीन पिढ्या

सीडी, डीव्हीडी व ब्लू-रे या तिन्ही तबकड्यांचा आकार एकच, तत्त्वही एकच. भेद आहे तो लेखणीच्या टोंकाचा. लेसरचा ठिपका जितका बारीक, तितके खळगे लहान व वळसे दाट करतां येतात. ठिपका बारीक करण्याचे उपाय दोन : प्रकाशाची लहर आंखूड घेणें, आणि भिंग अधिक रुंद कोनांतून प्रकाश एकवटेल असें करणें. १९९६ सालीं आलेल्या डीव्हीडीसाठीं ६५० नॅनोमीटरांचा तांबडा किरण घेतला गेला व वळशांतील अंतर ०.७४ मायक्रॉनवर आलें. २००६ सालीं बाजारांत आलेल्या ब्लू-रेसाठीं ४०५ नॅनोमीटरांचा निळसर जांभळा किरण वापरण्यांत आला व तें अंतर ०.३२ मायक्रॉन झालें. एका थराच्या तबकडीची क्षमता सीडीस सुमारें ७०० मेगाबाइट, डीव्हीडीस ४.७ गिगाबाइट व ब्लू-रेस २५ गिगाबाइट अशी चढत गेली. दोन थर एकावर एक ठेवल्यास डीव्हीडींत ८.५ व ब्लू-रेंत ५० गिगाबाइट मावतात. तीन व चार थरांच्या ब्लू-रे तबकड्या १०० व १२८ गिगाबाइटांच्या आहेत.

हे आंकडे संग्राहकाच्या मापानें मोजून पाहूं. ८ इंच रुंद व १२ इंच लांब अशा मोडी कागदाचें, इंचास ३०० ठिपके या प्रमाणांत, पूर्ण रंगांत व न आवळतां घेतलेलें चित्र सुमारें २६ मेगाबाइटांचें होतें. असे कागद एका सीडींत सत्तावीस-अठ्ठावीस, डीव्हीडींत सुमारें १८०, व एकेरी ब्लू-रेंत साडेनऊशेंच्या आसपास मावतात. दोनशें पत्रांच्या, म्हणजे चारशें पृष्ठांच्या, पोथीस पंधरा सीडी लागतील, तीन डीव्हीडी लागतील, आणि ब्लू-रेचा निम्माही भाग भरणार नाहीं.

परंतु क्षमता वाढली तसें लेखन तबकडीच्या कोणत्या अंगास आहे हेंही बदललें, आणि जतनाच्या दृष्टीनें हें महत्त्वाचें आहे. सीडींत धातूचा थर नांवाच्या बाजूस, केवळ रोगणाखालीं असतो. म्हणून चकचकीत बाजूपेक्षां नांवाच्या बाजूवरील ओरखडाच अधिक घातक. डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या चिकटवून केलेली असते व लेखन त्या दोहोंच्या मध्यें असतें. तें ओरखड्यापासून अधिक सुरक्षित खरें, पण चिकटवण कडेकडून सुटल्यास आंत हवा व ओल शिरते. ब्लू-रेंत लेखन वाचनाच्या बाजूस अवघ्या ०.१ मिलिमीटर खालीं असतें. सीडीच्या पृष्ठभागावर लेसरची शलाका पाऊण मिलिमीटर रुंद असल्यानें धुळीचा बारीक कण तिला अडवूं शकत नाहीं. ब्लू-रेच्या पृष्ठभागावर ती जेमतेम मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी असते, म्हणून तेथें कणही जाचतो. यासाठींच ब्लू-रेवर कठीण लेप दिलेला असतो.

३. ठशाची, रंगाची व मिश्रधातूची तबकडी

वरील भेद पिढीचे झाले. याहून महत्त्वाचा भेद लेखन कशानें केलें याचा आहे. तो बाहेरून सहज दिसत नाहीं, आणि बाजारांतील नांवें त्यावर पांघरूण घालतात.

पहिला प्रकार ठशाचा. कारखान्यांत धातूच्या साच्यावर दाबून खळगे उठवितात. गाण्यांच्या व चित्रपटांच्या विकत मिळणाऱ्या तबकड्या या वर्गांतल्या. येथें अक्षर म्हणजे प्लास्टिकांतील प्रत्यक्ष आकार होय. तो उडत नाहीं. त्यावरील धातू मात्र गंजूं शकतो. इंग्लंडांत ब्लॅकबर्न येथील एका कारखान्यांत १९८८ ते १९९३ या काळांत दाबलेल्या कित्येक सीडी कडेकडून तांबूस-काळसर होत गेल्या. त्यांवर चांदीचा मुलामा होता, वरचें रोगण त्यास पुरेसें राखूं शकलें नाहीं, आणि वेष्टणाच्या कागदांतील गंधकानें चांदी काळी पडली.

दुसरा प्रकार घरीं एकदां लिहितां येणाऱ्या तबकडीचा. सीडी-आर, डीव्हीडी-आर या त्या होत, आणि संग्राहकांच्या कपाटांत बहुधा याच आढळतात. यांत खळगे नसतात. प्लास्टिक व धातू यांच्यामध्यें सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. लिहितेवेळीं प्रखर लेसर त्यावर डाग पाडतो, व वाचतेवेळीं तो डाग खळग्यासारखा मंद दिसतो. म्हणजे हें लेखन रंगाचें आहे. आपल्या जुन्या पोथ्यांची शाई काजळीची. काजळींतील कार्बन उजेडानें फिकट होत नाहीं. याच्या उलट कुसुंब्याच्या रंगाचें वस्त्र उन्हांत ठेवलें तर त्याचा रंग उडतो. सीडी-आरची जात या दुसऱ्या वर्गांतली आहे. तिच्या रंगद्रव्यांत तीन कुळें मुख्य : सायनिन, अझो व थॅलोसायनिन. सायनिनची तबकडी चांदीच्या मुलाम्यावर निळसर हिरवी, अझोची गडद निळी, व थॅलोसायनिनची अगदीं फिकट दिसते. मुलामा सोन्याचा असल्यास तबकडी सोनेरी झांक मारते. उजेड सर्वांत कमी सोसणारें द्रव्य सायनिन, आणि त्या मानानें टिकाऊ थॅलोसायनिन.

तिसरा प्रकार पुसून पुन्हा लिहितां येणाऱ्या तबकडीचा. सीडी-आरडब्ल्यू, डीव्हीडी-आरडब्ल्यू इत्यादि या वर्गांतल्या. यांत चांदी, इंडियम, अँटिमनी व टेल्युरियम यांसारख्या मूलद्रव्यांचा मिश्रधातू असतो. तो तापवून झटकन थंड केला म्हणजे त्याचे कण विस्कळित राहतात व प्रकाश कमी परततो; बेताच्या उष्णतेनें तापविला म्हणजे स्फटिकरूप होऊन चमकतो. सुमारें हजार वेळां हें पुसणें-लिहिणें चालतें. पाटीला जे गुण असतात तेच येथें आहेत, आणि पाटीवर दस्तऐवज लिहून ठेवीत नसतात.

चौथा वर्ग असेंद्रिय थराचा. एकदां लिहितां येणाऱ्या बहुतेक ब्लू-रे तबकड्यांत रंगद्रव्याऐवजीं असेंद्रिय पदार्थ असतो. कांहीं स्वस्त तबकड्यांत मात्र पुन्हा सेंद्रिय रंगच घातलेला असतो, आणि वेष्टणावरील एलटीएच ही तीन अक्षरें त्याची खूण होय. एम-डिस्क नांवाच्या तबकडींतही दगडासारखा असेंद्रिय थर असून तो लेसरनें कायमचा भेदला जातो. ती हजार वर्षें टिकेल असें उत्पादकांचें म्हणणें. तें प्रयोगावरून काढलेलें अनुमान आहे. अनुभवाचीं वर्षें अद्याप पुरतीं वीसही भरलेलीं नाहींत.

४. चूक-दुरुस्ती व एकाएकीं येणारा अंत

खळगा इतका सूक्ष्म असतां ओरखडा पडलेली तबकडी वाजते कशी, याचें उत्तर १९६० सालीं अर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन यांनीं मांडलेल्या गणितांत आहे. सीडीवर मजकुराच्या दर २४ बाइटांमागें ८ बाइट जादा लिहिले जातात. ते मूळ अंकांपासून अशा रीतीनें काढलेले असतात कीं, कांहीं अंक गेले तरी उरलेल्यांवरून ते परत मिळावेत. शिवाय लगतचे अंक रेघेवर लगत न लिहितां दूरदूर पेरलेले असतात. त्यामुळें रेघेच्या दिशेनें अडीच मिलिमीटरांपर्यंतचा ओरखडा पूर्ण भरून निघतो. वेदपाठकांनीं पद, क्रम, जटा, घन असे पाठ योजून एकच शब्द निरनिराळ्या जोडींत पुन्हा पुन्हा म्हणण्याची जी रीत घातली, तिचाही हेतु हाच होता कीं, एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणीं उघडकीस यावी. उपाय निराळे, परंतु जादा उच्चार किंवा जादा अंक खर्चून मूळ राखावयाचें ही बुद्धि एकच.

या योजनेंत संग्राहकास एक फसगतही आहे. कागद हळूहळू पिंवळा पडतो, शाई फिकट होते, कोपरा झडतो. डोळ्यास सूचना मिळते. तबकडींत रंग उडूं लागला तरी दुरुस्तीचें गणित ती उणीव भरून काढीत असतें, म्हणून चित्र अखेरपर्यंत स्वच्छ दिसतें. दुरुस्तीची शक्ति संपली कीं त्याच दिवशीं धारिका उघडेनाशी होते. गाण्यांत एखादा सूर गेला तर यंत्र मागच्या-पुढच्या सुरांवरून तो अजमासानें भरतें. पत्राच्या चित्रांत असा अजमास चालत नाहीं. चित्र फार आवळून ठेविलें असल्यास एका अंकाच्या हानीनें खालचें निम्मे पान नाहींसें होऊं शकतें. न आवळलेल्या चित्रांत तेवढाच ठिपका जातो. म्हणून जतनाची प्रत न आवळलेली असावी.

अंतस्थ ऱ्हास मोजण्याची सोय मात्र आहे. तबकडी वाचतांना किती ठिकाणीं दुरुस्ती करावी लागली याची गणना कांहीं यंत्रें व आज्ञावल्या करून देतात. सीडीच्या बाबतींत सेकंदास सरासरी २२० सदोष गट ही मान्य मर्यादा आहे. हा आंकडा वर्षागणिक चढत असेल तर मजकूर दिसत असतांनाच नक्कल करून घ्यावी.

५. आयुष्याचे अंदाज

तबकड्या उष्ण व दमट कोठडींत ठेवून त्या किती दिवसांत बिघडतात हें पाहतात, व त्यावरून साध्या हवेंतील आयुष्य गणितानें काढतात. कॅनेडियन कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट या संस्थेनें प्रसिद्ध केलेले अंदाज येथें उपयोगी पडतील. सोन्याचा मुलामा असलेली थॅलोसायनिनची सीडी-आर शंभर वर्षांहून अधिक. तीच चांदीच्या मुलाम्याची ५० ते १००. सायनिन किंवा अझो रंगाची चांदीच्या मुलाम्याची २० ते ५०. चांदीच्या मुलाम्याची डीव्हीडी-आर १० ते २०. आणि डीव्हीडी-आरडब्ल्यू ५ ते १० वर्षें. क्षमता अधिक ती तबकडी अधिक टिकाऊ, असा क्रम येथें मुळींच लागत नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत येईल. हे अंदाज चांगल्या घडणीच्या व नीट राखलेल्या तबकड्यांचे आहेत. स्वस्त मालास किंवा घाईघाईनें भरलेल्या तबकडीस ते लागूं करूं नयेत.

या हिशोबानें २००५ सालीं भरलेल्या साध्या डीव्हीडी-आरचें आयुष्य सरलें किंवा सरत आलें असें धरून चालावें.

६. शत्रु व निगा

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें, म्हणजे एनआयएसटीनें, २००३ सालीं तबकड्यांच्या निगेसंबंधीं जी पुस्तिका काढली तींत ४ ते २० अंश उष्णमान व शेंकडा २० ते ५० आर्द्रता सांगितली आहे. कोंकणांत व गोव्यांत पावसाळ्यांत आर्द्रता शेंकडा ऐंशींच्या वर जाते, म्हणजे आपल्याकडील उघडें कपाट या मर्यादेच्या फार बाहेर पडतें. मध्य अमेरिकेंतील बेलीझ येथून आलेल्या एका सीडीवर जिओट्रायकम जातीची बुरशी कडेकडून आंत शिरून धातू व प्लास्टिक खात गेल्याचें स्पेनमधील शास्त्रज्ञांनीं २००१ सालीं नोंदविलें आहे. पोथीस कसर, तशी ही तबकडीची कसर म्हणावी.

निगेचे नियम थोडे आहेत. तबकडी कडेस व मधल्या भोंकास धरून उचलावी. घट्ट बंद होणाऱ्या पेटींत उभी ठेवावी, प्लास्टिकच्या पाकिटांची चळत करूं नये. कागदी चिठ्ठी चिकटवूं नये, कारण तिची खळ धातूस बाधते व एका बाजूचें वजन वाढून तबकडी डगमगते. नांव घालावयाचें तें मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या मऊ लेखणीनें घालावें. पुसतांना मध्याकडून कडेकडे सरळ पुसावें. गोल पुसल्यास ओरखडा रेघेच्या दिशेनें जातो व दुरुस्तीच्या आंवाक्याबाहेर पडतो. लिहिलेली तबकडी उन्हांत तर राहोच, खिडकीच्या उजेडांतही ठेवूं नये.

७. नकलेचा धर्म

येथवर तबकडीचा विचार झाला. डूम्सडेच्या हकीकतींत मात्र आधीं मेलें तें यंत्र. तोच मार्ग आतां या तबकड्यांचाही दिसतो. एके काळीं जगांतील मोठ्या तबकडी-उत्पादकांत गणली जाणारी भारतांतील मोझर बेअर कंपनी बुडाली व २०१८ सालीं ती विसर्जित करण्याचा हुकूम झाला. सोनी कंपनीनें लिहितां येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचें उत्पादन २०२५ च्या फेब्रुवारींत बंद केलें. नव्या संगणकांत तबकडीचें यंत्र बसविण्याची चाल जवळजवळ मोडली आहे. सुस्थितींतील वाचनयंत्र आज बाहेरून जोडण्याच्या रूपानें मिळतें, तोंवर तें घेऊन ठेवणें शहाणपणाचें होय.

मूळ उपाय मात्र जुनाच आहे. आपले ग्रंथ आपल्यापर्यंत पोंचले ते एकाच पानाच्या चिवटपणामुळें नव्हे. दर कांहीं पिढ्यांनीं कोणी तरी बसून नक्कल केली म्हणून पोंचले. नक्कलकार अखेरीस शक, तिथि, स्थळ व आपलें नांव देत, तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून पोथी राखण्याची विनंती करीत, आणि पुष्कळदां बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ या मापानें ग्रंथसंख्या नोंदवीत. ती संख्या म्हणजे नक्कल पुरी उतरली कीं नाहीं याचा पडताळाच होता. आजच्या धारिकेसही संगणक असा पडताळा-अंक काढून देतो. मूळ व नक्कल यांचे अंक जुळले म्हणजे एक ठिपकाही सुटला नाहीं अशी खात्री पटते.

तेव्हां संग्राहकांनीं पुढील क्रम धरावा. प्रथम, जुन्या तबकड्यांची यादी करून त्यांत ठशाच्या, रंगाच्या व पुसतां येणाऱ्या कोणत्या हें वेगळें लावावें. पुसतां येणाऱ्या व साध्या डीव्हीडी-आर सर्वांच्या आधीं, व त्यांतही ज्यांची मूळ पोथी आतां हातीं नाहीं त्या सर्वांत आधीं, उतरवून घ्याव्या. प्रत्येक संग्रहाच्या तीन प्रती ठेवाव्या : एक संगणकाच्या चकतीवर, एक सोनेरी सीडीवर किंवा असेंद्रिय थराच्या तबकडीवर, व एक दुसऱ्या गांवीं विश्वासू संस्थेकडे. प्रत्येक प्रतीबरोबर पडताळा-अंक व पुष्पिका ठेवावी. पुष्पिकेंत कोणत्या रुमालाचीं चित्रें, कोणीं, केव्हां, कोणत्या यंत्रानें घेतलीं व तबकडी कोणत्या जातीची हें कागदावर काजळीच्या शाईनें लिहावें. दरवर्षीं पावसाळा सरल्यावर, पोथ्यांना हवा देण्याच्या वेळींच, कांहीं तबकड्या यंत्रांत घालून तपासाव्या. पांच वर्षांनीं सर्व नव्यानें उतरावें.

ज्या संस्थांपाशीं चालू वाचनयंत्र आहे त्यांनीं आसपासच्या घरगुती संग्राहकांस तें आठवड्यांतून एक दिवस मोकळें केलें, तरी पुष्कळ दप्तरें दुसऱ्यांदां नष्ट होण्यापासून वांचतील. हें काम पुढील पिढीवर टाकतां येण्याजोगें नाहीं.